दिंडीचा ट्रक आणि मों ब्लाँची फेरी

नाशिकच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. नाव छापू नका, अशी विनंती असल्याने थोडक्यात देते. वय 57, शिक्षिका, येत्या मार्चमध्ये निवृत्ती. शाळेतल्याच एका सहकारी मैत्रिणीबरोबर गेली 26 वर्षं त्या डोंगर भटकतायत. पहिला गड हरिहर. निवृत्तीनंतर दोघींनी मिळून युरोपातल्या मों ब्लाँ या शिखराभोवतीची पायी फेरी करायची, असं कधीचंच ठरलेलं. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी ही वाट, रोज रात्री डोंगरातल्या एका निवाऱ्यात मुक्काम. बाईंनी नऊ दिवसांचा बेत आखून पत्राला जोडला आहे. अडचण अशी की 59 वर्षांच्या मैत्रिणीच्या गुडघ्यातली गादी गेल्या वर्षी फाटली. डॉक्टर म्हणतात, चाला, पण उतार सांभाळा. मैत्रीण म्हणते, "मी जमवते गं." बाई लिहितात: "तिच्यामुळे सगळाच बेत फिसकटेल अशी मला भीती वाटते. तिला वाईट वाटेल म्हणून मी अजून काही बोललेले नाही. नवरा म्हणतो, यात्रा कंपनीबरोबर जा. फ्रँकफर्टची मुलगी म्हणते, मावशीला स्पष्ट सांग आणि लवकर आरक्षण कर, जागा राहत नाहीत. एकटीने जायचा धीर मला होत नाही. मी तिला 'येऊ नकोस' हे कसं सांगू?"

ताई,

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. रोजचे किलोमीटर आहेत, चढ आहे, तास आहेत, 'बघण्यासारखं' असा एक रकानाही आहे, आणि तो तुम्ही फार प्रेमाने भरलाय. दोन रकाने मात्र सापडले नाहीत. एक उताराचा, दुसरा रात्रीच्या खाटेचा. तुमचा सगळा प्रश्न या दोन न आखलेल्या रकान्यांत अडकलाय असं मला वाटतं. मैत्रिणीकडे नंतर येऊ.

ही फेरी सुमारे 170 किलोमीटरची आणि एकूण चढ 10,000 मीटरच्या आसपास. फेरी असल्यामुळे जेवढं चढाल तेवढंच उतरायचं. बहुतेक लोक दहा-अकरा दिवस घेतात, तुम्ही नऊ धरलेत. बारीतून कळसूबाई म्हणजे साधारण 900 मीटरचा चढ. म्हणजे तुमच्या हिशोबाने रोज एक कळसूबाई चढायची, उतरायची, त्यावर आणखी थोडं चालायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाठीवर पिशवी. असे नऊ दिवस. पत्रातच तुम्ही लिहिलंय की गेल्या दोन वर्षांत तुमची सगळ्यात मोठी भटकंती सलग दोन दिवसांची होती. मैत्रिणीचा गुडघा डॉक्टरांनी तपासलाय तरी. तुमचे गुडघे तिसऱ्या दिवशी काय म्हणतील हे अजून कुणीच तपासलेलं नाही. टोमणा मारत नाहीये. बेत बिघडला तर तो तिच्याचमुळे बिघडेल, हे तुम्ही इतकं पक्कं धरलंय की तुमचा स्वतःचा हिशोब करायचाच राहिला.

आता खाटा. आपण सह्याद्रीत वाढलो. हरिश्चंद्रगडावर गुहा, रतनगडावर गुहा, नाहीतर गावातल्या देवळाचा ओटा. 'जाऊ, बघू, होईल सोय' यावर आपले सगळे बेत चालतात आणि सोय होतेही. मों ब्लाँच्या वाटेवर असं चालत नाही. निवाऱ्यात जेवढ्या खाटा तेवढीच माणसं, आणि जुलै-ऑगस्टच्या खाटा आदल्या हिवाळ्यातच भरायला लागतात. तंबू टाकू म्हणाल तर इटलीच्या आओस्ता खोऱ्यात 2500 मीटरच्या खाली बाहेर तंबूत झोपायला मनाई आहे, स्वित्झर्लंडातही जवळपास तेच. म्हणून तिथे आधी खाटा बघतात आणि त्यावरून चालायचे टप्पे ठरवतात. आपण नेमकं उलटं करतो.

मी ही फेरी 2019 साली केली तेव्हा एका मुक्कामाची तारीख एक दिवस चुकीची टाकली होती. चूक माझीच. दिवसभर चालून संध्याकाळी साडेपाचला पोचले, तर वहीत माझं नाव उद्याच्या पानावर. तिथल्या बाईंनी सूप दिलं, हळहळल्या, पण खाट नव्हती. अंधार पडायच्या आत दीड तास खाली उतरून गाव गाठावं लागलं. तेव्हापासून कुठल्याही बेतात मी तारीख आणि वार दोन्ही लिहिते.

अडचणीच्या जागा आधी पकडा. फेरी बहुतेक जण फ्रान्समधल्या ले झूश गावातून सुरू करतात आणि घड्याळाच्या उलट दिशेने जातात. ले कॉन्तामिन सोडलं की इटलीतलं कूर्मायूर गाव येईपर्यंतचा पट्टा रानातला. तिथे ले शापियू आणि सीमेपलीकडचा एलिसाबेत्ता निवारा इथे जागा कमी, आणि येणारा प्रत्येक जण तिथेच थांबतो. कूर्मायूरच्या पुढचा बोनात्ती निवाराही असाच, तो सगळ्यांनाच हवा असतो. या दोन-तीन रात्री मिळाल्या की बाकीच्या त्यांच्या मागेपुढे बसवा. गावांतल्या मुक्कामांना पर्याय पुष्कळ आहेत. वाटेवरच्या बऱ्याच निवाऱ्यांचं एकत्र आरक्षण एका अधिकृत संकेतस्थळावर होतं, उरलेल्यांना ईमेल करावी लागते. खाट, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी मिळून माणशी साधारण 60 ते 90 युरो धरा, स्वित्झर्लंडात त्याहून जास्त. पैसे भरायच्या आधी प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट वाचा: रद्द केलं तर किती दिवस आधीपर्यंत परत मिळतात.

आता उताराचा रकाना. डॉक्टर 'उतार सांभाळा' म्हणालेत, तर कुठले उतार, ते बघायला नको? या फेरीत गुडघ्याला खरोखर जड असे चार आहेत. बोनोम खिंडीकडून ले शापियूला उतरताना 900 मीटर. इटलीतून ग्रां कोल फेरे या 2537 मीटरवरच्या खिंडीत चढून स्वित्झर्लंडातल्या ला फूलीला उतरताना पुन्हा 900 च्या घरात. कूर्मायूरला पोचतानाचा शेवटचा 700 मीटरचा उतार, अंतर थोडं पण फार उभा. आणि शेवटच्या दिवशी ब्रेवाँ शिखरावरून ले झूशला, सुमारे 1500 मीटर. हा शेवटचा धडधाकट माणसालाही रडवतो.

यांतल्या शेवटच्या दोन ठिकाणी लिफ्टची, म्हणजे रोपवेची, सोय आहे. पहिल्या दोन ठिकाणी नाही. पण ती दोन ठिकाणं अजिबात न चालता, बसने पलीकडे जाऊन पुढच्या गावात गाठ पडते. मों ब्लाँच्या पोटातून 11.6 किलोमीटरचा बोगदा आहे, 1965 साली सुरू झालेला. तुम्ही तीन-चार दिवस चालून जिथे पोचणार, त्या कूर्मायूरला फ्रान्सच्या बाजूच्या शामोनी गावाहून बस या बोगद्यातून तासाभरात पोचते.

तुम्ही नाशिकच्या, तेव्हा ब्रह्मगिरीची फेरी केली असेलच. फेरी म्हटली की ती पूर्ण झाली पाहिजे, सगळ्यांनी एकत्र चालली पाहिजे, अर्ध्यात सोडली तर फळ नाही, असं काहीतरी आपल्या मनात खोल बसलंय. पण आपल्याकडे मुक्कामामुक्कामाने चालायची याहून मोठी चाल आहे ती वारीची. दिंडीत काय होतं आठवा. प्रत्येक दिंडीचा एक ट्रक असतो. सामान त्यात, भांडी त्यात, आणि पाय दुखणारी म्हातारी माणसंही त्यातच. दिवे घाट चढायचा नाही असं ज्या आजीने ठरवलेलं असतं ती ट्रकने सासवडला पुढे जाते, तळावर चूल मांडून बसते, आणि चालणारे पोचले की 'आलात का गं' म्हणत पाणी पुढे करते. पंढरपुरात तिला कुणी म्हणतं का, तुझी वारी अर्धीच झाली?

मों ब्लाँच्या फेरीतही असा ट्रक आहे. तो बस, आगगाडी आणि लिफ्ट यांत वाटला गेलाय, एवढंच. म्हणून 'येऊ नकोस हे कसं सांगू' हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवते. त्याऐवजी, कुठल्या संध्याकाळी दोघी एका मुक्कामाला असाल ते बघू.

कागदावर मांडून बघितलं. सुरुवातीला दोघी शामोनीत. तिथून तुम्ही ले झूशला जाऊन चालायला लागा: ले कॉन्तामिन, ले शापियू, एलिसाबेत्ता, कूर्मायूर. या चार दिवसांत ती शामोनीत राहील, तिथल्या सपाट वाटा फिरेल, आणि चौथ्या दिवशी बोगद्यातून कूर्मायूरला येईल. पाचव्या दिवशी दोघी मिळून बेर्तोने निवाऱ्यापर्यंत चढा. चढ 750 मीटरचा आहे, पण चढाला तिचा गुडघा कुरकुरत नाही असं तुम्हीच लिहिलंय. तिथून बोनात्तीपर्यंतची वाट डोंगराच्या कडेने जाते, फारशी चढउतार नाही, आणि समोर दरीपलीकडे ग्रां जोरास्सची भिंत, तळहाताएवढे हिमनद्यांचे तुकडे लटकलेले. सगळ्या फेरीतला सुंदर दिवस कुठला असं मला विचाराल तर हाच. तो दोघींनी मिळून चालायचा.

सहाव्या दिवशी बोनात्तीहून ती 400 मीटर खाली फेरे खोऱ्यात उतरेल आणि बस पकडून कूर्मायूरला परत येईल. तुम्ही खिंड ओलांडून ला फूलीला जा. तिचा प्रवास लांबचा आहे: बोगद्यातून शामोनी, तिथून छोट्या आगगाडीने व्हालोर्सीनवरून मार्तिन्यी, पुढे ऑर्सिएर आणि मग पिवळ्या पोस्टबसने ला फूली. एका दिवसात धावतपळत करण्यापेक्षा तिने मार्तिन्यीत एक रात्र काढावी आणि तुम्हीही ला फूलीत एक दिवस पाय पसरून बसावं. त्यासाठी सगळा बेत बारा-तेरा दिवसांचा करावा लागेल. करा. मार्चनंतर तुम्हाला कुठली शाळा गाठायची आहे?

ला फूली ते शाँपे हा तर खास तिच्यासाठीच आखलाय असं वाटावं इतका सौम्य टप्पा. नदीकाठाने हळूहळू उतरत जायचं, लाकडी कोठारांची गावं लागतात, शेवटी 400 मीटरचा चढ आणि मग तळं. पुढे त्रियाँला तुम्ही बोविनच्या कुरणांवरून, ती मार्तिन्यीवरून बसने. त्यानंतर तुम्ही बाल्म खिंडीतून पुन्हा फ्रान्समध्ये याल, ती आगगाडीने. त्रे-ले-शाँच्या पुढे लोखंडी शिड्या लागतात, त्यांची इंटरनेटवर उगाच दहशत आहे. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्या बाईला त्यांचं काही वाटणार नाही. शेवटच्या दिवशी ती शामोनीहून लिफ्टने प्लाँप्रात्झला वर येईल, तुम्ही फ्लेजेरकडून चालत याल, आणि दोघी लिफ्टनेच खाली उतरा. तो 1500 मीटरचा उतार तुम्हीही सोडा. माझे गुडघे धड होते, तरी त्या उताराने दोन आठवडे जिना उतरताना कठडा धरायला लावला.

हा बेत तुम्हाला पटेल की नाही मला माहीत नाही. एक गोष्ट त्यात नक्की खटकेल, ती मीच सांगते. पहिले चार दिवस तुम्हाला एकटीने चालावं लागेल.

पत्रात 'एकटीने जायचा धीर मला होत नाही' हे वाक्य तुम्ही अगदी शेवटी, दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात लिहिलंय. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तिने येऊ नये असंही वाटतं आणि ती नसली तर जायची भीतीही वाटते. दोन्ही खरं असू शकतं. पण मग तिच्या गुडघ्याची चिंता किती आणि आपल्या एकटेपणाची किती, हे एकदा स्वतःशी वेगळं करून बघा. भीतीपुरतं सांगते: त्या वाटेवर माणूस एकटं पडत नाही. सगळे त्याच दिशेने, त्याच मुक्कामांना चाललेले असतात. पहिल्या रात्री टेबलावर समोर बसलेलं जोडपं तिसऱ्या दिवशी खिंडीत भेटतं आणि आपल्याला नावाने हाक मारतं. वाट खुणांनी भरलेली आहे. आपत्कालीन क्रमांक तिन्ही देशांत 112 चालतो. दुपारनंतर वादळं येतात म्हणून सकाळी लवकर निघायचं आणि खिंड दुपारच्या आत ओलांडायची, हे पाळलंत तर भिण्यासारखं फार कमी उरतं.

आता तिच्याशी बोलण्याविषयी. पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली का? नवऱ्याशी बोललात, मुलीशी बोललात, मला चार पानं लिहिलीत. जिचा गुडघा आहे तिच्याशी सोडून सगळ्यांशी बोलणं झालंय. ती 'जमवते गं' म्हणते, कारण तिला कुणी नेमकं विचारलेलंच नाही. 'तुझ्या गुडघ्याचं काय?' याला आपल्याकडची कुठलीही बाई 'ठीक आहे' असंच म्हणणार. 26 वर्षं डोंगर चढलेल्या बाईला आपला गुडघा कळत नाही, हे मला पटत नाही. कदाचित तीही तुमच्यासारखीच विचार करत बसली असेल की माझ्यामुळे हिचा बेत मोडायला नको.

तिच्या घरी जा, नकाशा घेऊन जा. उताराचा नवा रकाना भरलेला तक्ता तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, "यातले कुठले उतार तुला नको आहेत?" एवढंच. मग गप्प बसा, चहा प्या. पेन तिच्या हातात द्या. हे चार आकडे घेऊन तिने तिच्या फिजिओथेरपिस्टकडेही जावं. 'ट्रेकला जाऊ का' असं विचारलं तर तो मोघम उत्तर देणार. 'दगडी वाटेवर 900 मीटर उतार, आणि असा दोन दिवसांत एकदा' असं विचारलं तर त्याला नेमकं सांगता येईल, व्यायामही तसा देता येईल.

ती म्हणाली, मला सगळंच चालायचंय, तर? तोही तिचा हक्क आहे. मग दोघींनी आधीच ठरवा आणि लिहून ठेवा की कूर्मायूरला फैसला होईल. तिथवर गुडघा सुजला असेल तर ती बसने पुढे जाईल, वाद न घालता, आणि तुम्ही चालत राहाल, अपराधी वाटून न घेता. हे नाशिकमध्ये ठरवणं सोपं. तिथे भिजलेल्या बुटांत, दमलेल्या अंगाने ठरवायला बसलात तर 26 वर्षांची मैत्री दहा मिनिटांत पणाला लागते. आणि ती म्हणाली, मला असं तुकड्या-तुकड्याने नकोच, तू जाऊन ये, तर तेही ऐकून घ्या. तिसरा पर्याय म्हणजे बेतच लहान करणं: कूर्मायूर ते बोनात्ती आणि ला फूली ते शाँपे एवढेच टप्पे, सगळे एकत्र, बाकी दिवस शामोनीत. 'मों ब्लाँची फेरी केली' असं सांगता येणार नाही. तुम्हाला ते सांगता येणं किती महत्त्वाचं आहे, हे तुमचं तुम्हीच ठरवा. काहींना असतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

यजमानांच्या सूचनेबद्दल: यात्रा कंपनीबरोबर गेलात तर आरक्षणाची कटकट वाचते, हे खरंच. पण गटाचा वेग गटाचा असतो. अर्ध्यातून बसने पुढे जाणारी बाई त्यांच्या वेळापत्रकात सहसा बसत नाही. तुमच्या दोघींसाठी ते सोयीचं नाही.

महिना कुठला, यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण इथे इंटरनेटवरचा सल्ला तुम्हाला लागू पडत नाही. सगळे सांगतात सप्टेंबरमध्ये जा, गर्दी नसते, हवा छान असते. चालणाऱ्यांसाठी बरोबर आहे. पण तुमच्या बेतात ट्रक लागणार आहे. सप्टेंबरमध्ये खोऱ्यांतल्या उन्हाळी बस कमी होत जातात, लिफ्ट बंद व्हायला लागतात, आणि तो बोगदाही दुरुस्तीसाठी मिटतो. 2024 साली 2 सप्टेंबरपासून साडेतीन महिने बंद होता. जूनमध्ये उंचावरच्या खिंडींत बर्फ असतो, आणि बर्फावरचा उतार कुणाच्याच गुडघ्याला नको. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात याच वाटेवर डोंगरधावण्याची प्रसिद्ध शर्यत असते, तेव्हा शामोनीत खोली मिळणं मुश्कील आणि मिळाली तर दर परवडणं मुश्कील. राहिला 10 जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ. गर्दी असेल, पण बस असतील. लिफ्टपैकी त्या वर्षी कुठली दुरुस्तीला गेलीय एवढं तारखा पक्क्या करण्याआधी बघून घ्या.

व्हिसाचं एक सांगायलाच हवं, कारण तुमची मुलगी फ्रँकफर्टला आहे. तिन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात आहेत, व्हिसा एकच लागतो. पण अर्ज करायचा तो ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे. नुसती फेरी केलीत तर रात्री फ्रान्समध्ये जास्त भरतात. फेरीनंतर मुलीकडे पंधरा दिवस राहणार असाल तर हिशोब जर्मनीकडे झुकतो. मैत्रीण फेरी संपवून थेट परतणार असेल तर दोघींचे अर्ज वेगवेगळ्या देशांकडे जातील, तेव्हा तारखा बघून कामाला लागा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणजे जुलैसाठी जानेवारीपासून. खाटा त्याआधीच घ्याव्या लागतात. म्हणून रद्द करण्याच्या अटी वाचा म्हटलं. व्हिसासाठी 30,000 युरोचा विमा लागतोच, पण डोंगरातून सुटका करायचा खर्च त्यात धरलाय का, हे पत्रकातली बारीक अक्षरं वाचून बघा. फोनचं कार्ड 'युरोप' म्हणून घेतलंत तर त्यात स्वित्झर्लंड आहे का तेही बघा, तो देश युरोपीय संघात नाही.

निवाऱ्यातल्या राहणीविषयी थोडं. दारातच बूट काढून फळीवर ठेवायचे, तिथल्या सपाता घालायच्या. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. झोपायला लांबलचक सामाईक खोली, घोंगडी तिथलीच. तिच्या आत स्वतःची पातळ कापडी पिशवी नेणं बहुतेक ठिकाणी सक्तीचं. बाजारात रेशमी मिळते, महाग. मी आईची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी दुमडून दोन बाजूंनी शिवली होती. हलकी होती, आणि तिसऱ्या रात्री वीस अनोळखी माणसांच्या घोरण्यात तिच्या वासाचा फार आधार वाटला. घोरण्यासाठी कानात घालायचे बोळेही न्या. अंघोळीला पुष्कळ ठिकाणी नाणं मिळतं, ते टाकलं की थोडी मिनिटं गरम पाणी. मी पहिल्याच दिवशी ऐटीत डोक्याला शाम्पू लावला आणि पाणी थांबलं. उरलेला फेस हिमनदीच्या पाण्याने धुतला. आधी पाणी, मग नाणं संपायच्या आत सगळं, आणि केस फक्त गावात.

जेवण सातच्या सुमाराला, सगळ्यांना एकच, लांब बाकांवर बसून. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच लिहा, आणि अंडं चालत नसेल तर तेही वेगळं लिहा. तिथे शाकाहारी म्हटलं की आम्लेट येतं. मसूर, चीज, पोलेंटा, पास्ता यांवर निभावतं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे न्यायला हरकत नाही. तूप, पेढे मात्र नको, दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिथे बंदी आहे. रोख युरो जवळ ठेवा, स्वित्झर्लंडात थोडे फ्रँक. पाठीवरचं वजन सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका. गावोगावी पिशव्या पोचवणारी वाहनं असतात, पण गाडीरस्ता नाही तिथे सामानही पोचत नाही, म्हणून एलिसाबेत्ता आणि बोनात्तीच्या रात्रींपुरतं लागणारं पाठीवरच घ्यायचं. दोन्ही हातांत काठ्या. एक नव्हे, दोन.

पैसे भरायच्या आधी एक करा. पाऊस उघडला की ऑक्टोबरमध्ये सलग तीन दिवस काढा, दोघींनी, आणि तेवढंच वजन पाठीवर घेऊन. पहिल्या दिवशी बारीतून कळसूबाई, दुसऱ्या दिवशी रतनवाडीतून रतनगड, तिसऱ्या दिवशी पाचनईतून हरिश्चंद्रगड. मुक्काम खालच्या गावांत, कुणाच्या घरी, पिठलं-भाकरी खाऊन. कळसूबाई उतरताना ती किती वेळ घेते हे घड्याळात बघा. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना तुम्ही किती वेळ घेता हे तिला बघायला सांगा. रतनवाडीत संध्याकाळी पाय शेकत बसाल तेव्हा नकाशा काढा, चहाच्या टेबलापेक्षा तिथे बोलणं सोपं जाईल.

तिथून परत आलात की बोनात्तीच्या तारखा आधी बघा. दोन खाटा, वारासकट.